लग्नाच्या फोटोग्राफीचे कव्हरेज किती घ्यावे?

कार्यालय ठरले, केटररला इसार दिला, की फोटोग्राफरची पाळी येते आणि बहुतेक घरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो 'पॅकेज केवढ्याचे?' हा. त्याचे उत्तर लगेच मिळते, पण त्यावरून निवड करता येत नाही. 'एक दिवस, चार माणसे, एक अल्बम' असे लिहिलेली दोन कोटेशने समोर ठेवली, तर एकाच्या हिशेबात दिवस म्हणजे माणूस कार्यालयात पोहोचल्यापासून आठ तास असतो आणि दुसऱ्याच्या हिशेबात हळदीपासून पाठवणीपर्यंतचा सगळा वेळ असतो. एकाच्या चार माणसांत लाइट धरणारा मुलगा मोजलेला असतो, दुसऱ्याच्या चौघांच्याही हातात कॅमेरा असतो. म्हणून किंमत विचारण्याआधी आपल्याला किती तास, किती माणसे आणि कशासाठी हवी आहेत, हे घरात बसून ठरवावे लागते. घरात पहिलेच कार्य असलेल्यांसाठी ती रीत येथे क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून कार्यालयात दिवसा होणारे, दुपारच्या मुहूर्ताचे, वैदिक पद्धतीचे लग्न घेतले आहे. विधी आणि वेळा वेगळ्या असल्या तरी हिशेबाची पद्धत तीच राहते.

१. पहिला फोन गुरुजींना

आपल्या घरी कोणते विधी होणार आहेत हे आपल्याला माहीत आहे असे सगळ्यांनाच वाटते, पण प्रत्यक्षात वधूकडची आणि वराकडची पद्धत वेगळी असते आणि कोणत्या विधीला किती वेळ लागतो हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. ते गुरुजींना सांगता येते. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी की लग्नाच्या दिवशी सकाळी, हळद आपापल्या घरी की कार्यालयात, ग्रहमख आणि देवक कधी, मुहूर्तानंतर कन्यादान, लाजाहोम आणि सप्तपदी धरून एकूण किती वेळ, आणि ऐरणी म्हणजे झाल जेवणाआधी की जेवणानंतर, एवढे त्यांना विचारून वहीत उतरवून घ्यावे. काही गुरुजी मुहूर्तानंतरचे सारे तासाभरात आटोपतात, तर काही प्रत्येक मंत्राचा अर्थ सांगत दोन तास घेतात. फोटोग्राफरच्या वेळेचा सगळा हिशेब या एका फरकावर मागे-पुढे होतो.

त्याच फोनवर आणखी एक विचारून ठेवावे. होमाच्या वेळी बोहल्यावर किती जण चढलेले चालतील आणि कोणत्या बाजूने? 'गुरुजी, जरा थांबा' म्हणत मंगळसूत्र पुन्हा घालायला लावणारे फोटोग्राफर आणि त्यांच्यावर खेकसणारे गुरुजी हे दृश्य बहुतेकांनी पाहिलेले असते. हे आधी बोलून घेतले तर टळते.

२. दिवसाचा तक्ता मांडणे

आता एका कागदावर तीन रकाने आखावेत: वेळ, जागा आणि तिथे कोण असणार. समजा मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा आहे. मग तक्ता साधारण असा होतो. सकाळी साडेसहाला वधूचा मेकअप सुरू, आठला हळद, आधी वराची आणि मग त्याची उष्टी हळद वधूला, साडेनऊला देवक आणि पुण्याहवाचन, साडेदहाला सीमांतपूजन, साडेअकराला गौरीहर, १२ वाजून २७ मिनिटांनी मुहूर्त, त्यानंतर अडीचपर्यंत होम आणि सप्तपदी, आणि त्याच वेळी खाली पाहुण्यांच्या पंगती, तीनला विहिणींची पंगत आणि उखाणे, चारला झाल आणि पाठवणी, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास वराच्या घरी माप ओलांडणे, लक्ष्मीपूजन आणि तांदळात नाव लिहिणे.

हा तक्ता लिहिल्यावर दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. पहिली म्हणजे दिवसाचा शेवट कुठे आहे. दुसरी अधिक महत्त्वाची आहे: एकाच वेळी दोन ठिकाणी काय चालले आहे. जिथे एका वेळी एकच प्रसंग आहे तिथे एका चांगल्या माणसाने काम भागते. जिथे दोन प्रसंग एकमेकांवर चढतात तिथे तो माणूस कितीही निष्णात असला तरी एक प्रसंग हातचा जातोच. अशा जागांवर लाल पेनाने खूण करावी. वरच्या तक्त्यात त्या तीन आहेत. वधू गौरीहराशी अन्नपूर्णेसमोर बसलेली असते तेव्हाच बाहेर वराला वाजतगाजत बोहल्याकडे आणण्याची धांदल चालू असते. मुहूर्ताचा क्षण दुसरा. आणि तिसरी जागा होमाची, कारण बोहल्यावर अग्नी पेटलेला असतो आणि खाली ज्या काका-आत्यांना घरच्यांनी आग्रहाने बोलावले ते जेवून निघायच्या बेतात असतात.

३. तास मोजताना शेवटाकडून मोजावे

आमच्या घरच्या दोन लग्नांत फोटोग्राफीचे खाते माझ्याकडे होते आणि पहिल्या लग्नात माझी चूक झाली. पॅकेज आठ तासांचे होते. मेकअपपासून सगळे हवे असा मुलींचा हट्ट होता, म्हणून मी फोटोग्राफरना सकाळी साडेसहाला बोलावले आणि ते वेळेवर आले. सव्वासातपर्यंत त्यांनी आरशाचे, बांगड्यांचे आणि हँगरला लावलेल्या शालूचे फोटो काढले, मग हळद सुरू होईपर्यंत उपमा खाऊन बसून राहिले. अडीच वाजता त्यांचे तास संपले. ओळखीखातर ते सव्वातीनपर्यंत थांबले, पण त्यांची संध्याकाळी गोरज मुहूर्ताची दुसरी ऑर्डर होती, त्यामुळे पुढे थांबणे त्यांना शक्य नव्हते. झाल झाली चार वाजता. पेटत्या दिव्यांची वेळूची पाटी वराकडच्या एकेकाच्या डोक्यावर ठेवली जात होती, माझी बहीण तोंडाला पदर लावून उभी होती, आणि त्या पंधरा मिनिटांचे आमच्याकडे आज आहेत ते भाच्याच्या मोबाइलवरचे सहा फोटो, त्यांतले दोन हललेले. दोष त्या फोटोग्राफरचा नव्हता, मोजणी मी सुरुवातीकडून केली होती.

म्हणून तास ठरवताना कोणता प्रसंग शेवटचा हवाच आहे तो आधी निश्चित करावा, त्याला अर्धा तास उशीर धरावा आणि तिथून मागे मोजत यावे. झाल चारला असेल तर शेवट साडेचार. आठ तास मागे मोजले की सकाळचे साडेआठ येतात. वराच्या हळदीची सुरुवात हुकते असे दिसले, तर नऊ तास मागावेत किंवा हळद तासाभराने पुढे घ्यावी. मेकअपच्या आरंभाला कोणी असण्याची मुळीच गरज नाही. शेवटची तीस-चाळीस मिनिटे, म्हणजे नथ, मुंडावळ्या आणि पहिल्यांदा आरशात पाहणे, एवढे पुरते. दागिन्यांचे आणि रुखवताचे फोटो मात्र पाहुणे येण्यापूर्वी उरकावेत, कारण गर्दी झाली की रुखवताच्या टेबलाभोवती पाठीच दिसतात.

गृहप्रवेशाचा निर्णय वेगळा घ्यावा. त्याचे काम तासाभराचे असते, पण पाठवणीनंतरचा मधला वेळ आणि प्रवास धरला तर त्यासाठी फोटोग्राफरचे तीन-चार तास मोडतात आणि तो तेवढे पैसे लावतो. वराचे घर त्याच गावात असेल तर एका माणसाला तेवढ्यासाठी ठेवावे. घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तिकडच्याच स्थानिक फोटोग्राफरला दोन तासांसाठी सांगणे स्वस्त पडते.

४. माणसे किती: अंतरपाटाच्या दोन बाजू

दुपारच्या लग्नात सगळ्यांत कमी वेळाचा आणि पुन्हा न घडणारा प्रसंग म्हणजे अंतरपाट दूर होण्याचा. मंगलाष्टके किती वेळ चालतील हे घरातल्या कवींच्या संख्येवर अवलंबून असते, पण शेवटचे 'सावधान' झाल्यावर अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो, अक्षतांचा मारा होतो, वाजंत्री सुरू होते आणि वधूवर हार घालून मोकळे होतात. हे सारे मिनिटभराचे काम. त्या मिनिटापूर्वी मध्ये कापड असते, त्यामुळे वधूच्या बाजूच्या माणसाला वर दिसत नाही आणि वराच्या बाजूच्या माणसाला वधू दिसत नाही. कापड दूर होताना दोघांच्या चेहऱ्यांवर जे उमटते ते एका माणसाला टिपता येत नाही; तो एका बाजूला उभा राहील आणि दुसऱ्याचा चेहरा पाठमोरा येईल. शिवाय दोन्ही मामा मागे उभे असतात आणि पुढच्या रांगेतली निम्मी मंडळी मोबाइल वर धरून उठलेली असते.

त्यामुळे बाकी कुठेही काटकसर केली तरी मुहूर्ताच्या आधीच्या तासापासून होम संपेपर्यंत दोन फोटोग्राफर आणि एक व्हिडिओवाला, एवढे असावेच असे माझे मत आहे. दोघांपैकी एक ट्रॅडिशनल असतो, म्हणजे समोरून, सर्वांना उभे करून, विधी आणि ग्रुप फोटो काढणारा. दुसरा कँडिड, म्हणजे न सांगता टिपणारा. कँडिडचे फोटो अधिक देखणे येतात, म्हणून काही जण दोन्ही कँडिडच घेतात आणि नंतर आजोबांच्या चुलतभावांचा एकही सरळ फोटो नाही म्हणून हळहळतात. घरातली ज्येष्ठ मंडळी अल्बममध्ये आधी माणसे शोधतात. प्रकाश आणि कोन त्यानंतर. पाहुणे दोनशेच्या आत असतील तर हे तिघे पुरतात. पाचशेच्या वर गेले, किंवा स्टेजवर शुभेच्छांची लांब रांग लागणार असेल, तर रांगेसाठी एक माणूस वाढवावा, कारण रांगेला जुंपलेला फोटोग्राफर दीड तास तिथून हलू शकत नाही.

सगळी माणसे सगळा दिवस घेण्याचे कारण नाही. सकाळी आठ ते अकरा एक माणूस, अकरा ते तीन तिघे आणि पुन्हा शेवटी दोघे, अशी मागणी केली तर बरेच फोटोग्राफर ती मान्य करतात. फक्त ती मागणी लाल खुणांच्या तक्त्यासह करावी, म्हणजे घासाघीस चालली आहे असे वाटत नाही.

५. आधीचे आणि नंतरचे कार्यक्रम

साखरपुड्याला एक माणूस तीन तास. मेंदीला माझ्या मते घरातला जरा बरा मोबाइल धरणारा कोणीही चालतो. हळद आदल्या दिवशी घरी, गाण्याबजावण्यासह असेल तर मात्र तिथे कँडिडवाला घ्यावा, कारण उन्हातली पिवळी हळद आणि मोकळी माणसे असे फोटो दुसऱ्या दिवशी शालू-फेट्यांत येत नाहीत. केळवणांना फोटोग्राफर बोलावू नये. संध्याकाळचे रिसेप्शन वेगळ्या जागी असेल, तर त्याचे तास स्वतंत्र मोजावेत. ते 'एक दिवसा'त धरलेले आहे असे गृहीत धरण्याने बरेच वाद होतात.

नोंदणी विवाह करणाऱ्यांचे काम सोपे असते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवसांची नोटीस दिल्यानंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या होतात, त्यामुळे नोंदणी कार्यालयातला वेळ आणि नंतरचे जेवण धरून एक फोटोग्राफर दोन-तीन तास पुरतो. आत कॅमेरा चालतो का, हे तेवढे आधी जाऊन विचारावे.

प्री-वेडिंग शूट हा लग्नाच्या कव्हरेजचा भाग नाही, ते वेगळे हौसेचे खाते आहे. पॅकेजमध्ये ते 'मोफत' दिसले तर ते काढून त्याऐवजी मुहूर्ताला एक माणूस द्याल का, असे विचारून पाहावे.

ड्रोनबाबतही हेच. कार्यालयाच्या छताखाली त्याचा उपयोग नाही. लॉनवरचे लग्न, मोठी वरात किंवा कोकणातल्या घराचे अंगण असेल तर त्याला अर्थ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे विभाग केलेले आहेत आणि विमानतळांच्या किंवा संरक्षण खात्याच्या जागांच्या आसपास परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. पुण्यात लोहगावच्या बाजूचे लॉन असेल तर हा प्रश्न आधीच सोडवावा लागतो आणि परवानगी काढण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे लागते.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी थेट प्रक्षेपण ठेवायचे असेल तर त्यांच्या घड्याळाकडेही पाहावे. हिवाळ्यात आपल्याकडे १२ वाजून २७ मिनिटे झाली की न्यू जर्सीत मध्यरात्रीनंतरचे १ वाजून ५७ मिनिटे झालेले असतात. सहा तासांचे प्रक्षेपण तिथे कोणी पाहत नाही, मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंतचे मात्र जागून पाहतात. तेवढेच घ्यावे. कार्यालयाच्या वायफायवर विसंबू नये.

६. हाती काय येणार

कव्हरेज ठरले तरी त्यातून आपल्याला काय मिळणार हे वेगळे ठरते. अल्बमचे 'शीट' म्हणजे उघडल्यावर समोर दिसणारी दोन पाने, बहुधा १२ बाय ३६ इंचांची. चाळीस शीटचा अल्बम आणि प्रत्येक शीटवर सरासरी चार फोटो धरले, तर अल्बममध्ये १६० फोटो जातात. दिवसभरात दीड-दोन हजार फोटो निघाले असतील, तर अल्बमबाहेर राहिलेले फोटो नीट रंगसुधारणा करून मिळणार की कॅमेऱ्यातून निघाले तसे, हे विचारावे. शीट वाढवून अल्बम जाड करण्यापेक्षा दोन्ही घरांना एकेक लहान अल्बम घेणे मला जास्त पटते. अल्बमसाठी निवड आपल्यालाच करायची असते आणि अल्बम वर्षभर रखडण्याचे कारण बहुधा तिथेच सापडते. निवड एका व्यक्तीकडे सोपवावी, दोन्ही कुटुंबांच्या समितीकडे नाही.

व्हिडिओचे मिक्सिंग करून चार-पाच मिनिटांची हायलाइट फिल्म सगळेच देतात. तिच्यासोबत विधींचा सलग, मूळ आवाजातला व्हिडिओ हवा असेल तर तो स्पष्ट मागावा, कारण मंत्र, उखाणे आणि आजीने म्हटलेले मंगलाष्टक हायलाइटमध्ये गाण्याखाली दबतात. मूळ चित्रीकरणही मागून घ्यावे. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने केलेले फोर-के चित्रीकरण तासाला सुमारे ४५ जीबी होते. दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर ३६० जीबी झाले, त्यामुळे एक टीबीची हार्ड डिस्क आपणच द्यावी आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

७. कागदावर काय असावे

लग्नाच्या तारखा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि मोजक्याच मुहूर्तांवर शेकडो लग्ने येतात, म्हणून मोठ्या तिथीला चांगला फोटोग्राफर पाच-सहा महिने आधी ठरवावा लागतो. त्याच गर्दीमुळे एकाच स्टुडिओच्या एका दिवशी तीन-तीन ऑर्डरी असतात आणि बाहेरून माणसे घेतली जातात. ज्याचे काम पाहून आपण ठरवले तोच येणार का, हे विचारावे आणि येणाऱ्याचे नाव करारात लिहून घ्यावे. त्याचबरोबर सुरुवातीची आणि शेवटची वेळ घड्याळाच्या आकड्यांत, कॅमेरा धरणाऱ्यांची संख्या, वाढीव तासाचा दर, फोटो आणि अल्बम मिळण्याची मुदत, आणि इसार किती व उरलेली रक्कम कोणत्या टप्प्यांवर, हे असावे. शेवटचा हप्ता अल्बम हाती येईपर्यंत राखून ठेवावा. फोटोग्राफर जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्के कर सांगितलेल्या रकमेत धरला आहे की वर लागणार, हेही तेव्हाच कळलेले बरे.

हक्कांविषयीचे कलम बहुतेक जण वाचत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. म्हणजे करारात 'सर्व हक्क स्टुडिओकडे' अशी ओळ असेल आणि आपण खाली सही केली, तर आपणच तो हक्क सोडून देतो. स्टुडिओने आपले फोटो जाहिरातीसाठी वापरायला हरकत नसेल तर तसे लिहावे, हरकत असेल तर तेही लिहावे.

८. आठवडाभर आधी

तक्ता पुन्हा एकदा गुरुजींकडून तपासून, बदललेल्या वेळांसह फोटोग्राफरला पाठवावा. ग्रुप फोटोंची यादी नात्यांनी न करता नावांनी करावी, कारण 'मुलीची मावशी' म्हणून तीन जणी पुढे येतात. दोन्हीकडून एकेक असा माणूस नेमावा ज्याला सगळे नातेवाईक चेहऱ्याने ओळखता येतात आणि ज्याच्याकडे त्या दिवशी दुसरे काम नाही. आमच्या दुसऱ्या लग्नात हे काम चुलत आजोबांकडे होते आणि ते काठी टेकत प्रत्येकाला नावाने हाक मारून बोहल्यापाशी आणत होते. फोटोग्राफरांची पाने पहिल्या पंगतीतच, पण एका वेळी एकाचेच, मांडायला केटररला सांगून ठेवावे, म्हणजे लाजाहोम चालू असताना तिघेही एकदम जेवायला गेले असे होत नाही.